नाण्यांचा कौल आणि मनातले गाऱ्हाणे

आमच्या गावाच्या नावातच बदल आहे. जुन्या वाटेवर घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून ते बदलापूर, अशी व्युत्पत्ती येथे सर्रास सांगतात. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरेल की नाही, हा प्रश्न निराळा. परंतु ज्यांनी कात्रपची भातशेती पाहिली आणि आज तेथे उभ्या असलेल्या इमारतीही पाहिल्या, त्यांना नाव शोभते याबद्दल शंका वाटणार नाही. अशा गावात 'परिवर्तनांचा ग्रंथ' या नावाच्या एका चिनी पोथीविषयी बोलावे, यात अप्रस्तुत काही नाही असे आम्हांस वाटते.

ही पोथी म्हणजे यी-चिंग. ती मुळात शकुन पाहण्याची पोथी आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. तीन नाणी टाकावयाची, त्यांतून सहा रेघांची एक आकृती काढावयाची, आणि त्या आकृतीखाली लिहिलेला मजकूर आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचावयाचा, असा तिचा विधी आहे. ज्याचा शकुनावर विश्वास आहे त्याला आम्ही या लेखात काही सांगू इच्छीत नाही. आमचा प्रश्न दुसऱ्या माणसाविषयी आहे. ज्याचा शकुनावर काडीचाही विश्वास नाही, जो सकाळची लोकल गाठून अडुसष्ट किलोमीटरवरच्या मुंबईत कचेरीला जातो आणि रात्री थकून परत येतो, ज्याला घर, नोकरी, आईवडील, मुले यांविषयी निर्णय घ्यावे लागतात आणि शांतपणे विचार करावयाला अर्धा तासही मिळत नाही, अशा माणसाला या पोथीचा काही उपयोग आहे काय? आमचे उत्तर असे की, आहे. मात्र तो फार आखूड मर्यादेत आहे.

चीनला जाण्यापूर्वी कोकणात जाऊ. कात्रपला निम्म्या घरांचे नाही तरी बऱ्याच घरांचे गाव खाली कोकणात आहे, आणि तेथल्या देवळात कौल लावणे म्हणजे काय हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. देवाच्या मूर्तीवर पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या, कळ्या किंवा अक्षता चिकटवितात. उजवीकडची आधी पडली तर देवाची संमती, डावीकडची पडली तर नकार. गोव्यात यालाच प्रसाद लावणे म्हणतात. मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीतली भराडी देवीची जत्रा लाखो लोकांना ठाऊक आहे. तिची तारीख पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. शब्द मात्र अरबी आहे. कौल म्हणजे बोल, वचन. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत सरकारने रयतेला दिलेले अभयपत्र म्हणजे कौल, आणि आजही निवडणुकीचा निकाल लागला की वर्तमानपत्रे 'मतदारांचा कौल' असेच छापतात.

आता या विधीत लोकांचे लक्ष असते ते पाकळीवर. आमचे म्हणणे असे की, पाकळी पडण्यापूर्वी जे घडते ते अधिक मोलाचे आहे. गुरव किंवा गावकर देवापुढे उभा राहून गाऱ्हाणे घालतो. कोण आले आहे, कोणत्या घरचे, काय अडले आहे, कोणाचा कोणाशी वाद आहे, हे तो मोठ्याने, नावानिशी सांगतो आणि जमलेली माणसे मध्ये मध्ये 'होय महाराजा' म्हणून साथ देतात. जी गोष्ट भावाभावांत दहा वर्षे कोणी उघड बोलले नव्हते, ती तेथे सर्वांसमक्ष बोलली जाते. शिवाय देवाला गोलमोल विचारता येत नाही. 'आमचे कसे होईल?' याला उजवे-डावे उत्तर नाही. प्रश्न नेमका करून आणावा लागतो, आणि तो नेमका करता करताच अर्धे भांडण निवळते, असा अनुभव गावातली जाणती माणसे सांगतात. पाकळी कोणत्याही बाजूने पडो, गाऱ्हाणे घातले गेले हा लाभ कोठे जात नाही.

यी-चिंगचे मूळही देवळासारख्याच जागी आहे. हनान प्रांतात आन्यांग येथे शांग घराण्याची शेवटची राजधानी होती. तेथे कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर प्रश्न कोरीत, त्याला तप्त वस्तूचा चटका देत, आणि उमटलेल्या भेगांवरून पूर्वजांचे उत्तर वाचीत. १८९९ च्या सुमारास ही हाडे विद्वानांच्या नजरेस आली; आजवर अशी लाखाहून अधिक तुकड्यांची नोंद झाली आहे. त्यांवरचे प्रश्न वाचले म्हणजे तीन हजार वर्षांचे अंतर नाहीसे होते. पाऊस पडेल काय, पीक येईल काय, राणीचे बाळंतपण सुखरूप होईल काय, आणि राजाचे दात दुखताहेत ते कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे! माणसाच्या काळज्यांत फारसा बदल झालेला नाही.

इ. स. पू. अकराव्या शतकात चौ घराण्याने शांगांचा पाडाव केला. त्या चौ लोकांची हाडांऐवजी काड्या मोजून शकुन पाहण्याची जी पद्धत, तिचे पुस्तक म्हणजे यी-चिंग. परंपरा सांगते की, आठ मूळ चिन्हे फू-शी नावाच्या आदिपुरुषाने पाहिली, राजा वेन याने तुरुंगात असताना चौसष्ट आकृत्यांचा अर्थ लावला, आणि कन्फ्यूशियसने त्यावर भाष्य लिहिले. आजचे संशोधक मूळ मजकूर इ. स. पू. नवव्या शतकाच्या आसपासचा आणि भाष्ये त्यानंतर पुष्कळ शतकांची मानतात. इ. स. पू. २१३ मध्ये छिन सम्राटाने ग्रंथांची होळी केली तेव्हा वैद्यक, शेती आणि शकुन या विषयांची पुस्तके वगळली होती, म्हणून ही पोथी वाचली. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून ती सापडती तर जळाली असती. ज्योतिषाची म्हणून तगली, ही गंमतच म्हणावयाची.

पद्धत सोपी आहे. अखंड रेघ म्हणजे यांग, मध्ये तुटलेली रेघ म्हणजे यिन. तीन रेघांची आठ चिन्हे होतात: आकाश, पृथ्वी, मेघगर्जना, पाणी, पर्वत, वारा किंवा लाकूड, अग्नी आणि तळे. दोन चिन्हे एकावर एक ठेवली की सहा रेघांची आकृती होते, आणि अशा आकृत्या आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट. ज्यांनी शाळेत वृत्ते घोकली आहेत त्यांनी रेघांच्या जागी लघु-गुरू घालून पाहावे. सहा अक्षरांच्या चरणाचा लघु-गुरू प्रस्तार मांडला तर त्याचेही बरोबर चौसष्ट भेद होतात. पिंगलाच्या छंदःशास्त्रातला गायत्री वर्ग तो हाच. जर्मन गणिती लायब्निझ याला पेकिंगहून बूवे नावाच्या जेझुइट पाद्र्याने या आकृत्यांचा तक्ता पाठविला, तेव्हा त्यालाही त्यात आपली शून्य-एकाची अंकपद्धती दिसली आणि १७०३ साली त्याने तसे लिहिले. आपले पिंगलाचार्य त्याला ठाऊक नव्हते.

चौसष्टाचा आणखी एक योगायोग आपल्या घरचा आहे. १८९० साली हॅमिल्टन बॉवर नावाचा इंग्रज लेफ्टनंट एका खुन्याच्या मागावर मध्य आशियात कुच्याला गेला होता. खुनी त्याला तेथे सापडला नाही, पण भूर्जपत्रावरची एक जुनी संस्कृत पोथी विकत मिळाली. तिचा बराचसा भाग वैद्यकाचा, परंतु दोन प्रकरणे फाशांवरून प्रश्न पाहण्याची आहेत. चार बाजूंचा फासा तीनदा टाकावयाचा. चार गुणिले चार गुणिले चार, पुन्हा चौसष्ट उत्तरे. पाशककेवली या नावाने हा ग्रंथप्रकार आपल्याकडे पुढेही चालत राहिला. यावरून कोणी कोणापासून उसने घेतले असा वाद घालू नये. लहान संख्यांचे गुणाकार सगळ्या देशांत सारखेच येतात. तुलसीरामायणाच्या पोथ्यांत छापलेली रामशलाका प्रश्नावलीही याच कुळातली. तिच्यात पंधरा गुणिले पंधरा अशी दोनशे पंचवीस घरे असतात, बोट ठेवलेल्या घरापासून दर नववे अक्षर घेत गेले की नऊ चौपायांपैकी एक तयार होते. आणि ज्ञानेश्वरी किंवा दासबोध डोळे मिटून उघडून, ज्या ओवीवर बोट पडेल ती दिवसभर मनात वागविणारी वृद्ध माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना भविष्य विचारावयाचे नसते.

काड्यांच्या मूळ विधीला पन्नास काड्या लागतात. एक बाजूला ठेवून एकोणपन्नास हाताळावयाच्या. प्रत्येक रेघेसाठी तीन वेळा ढीग पाडून चार-चारने मोजावयाचे, म्हणजे एका आकृतीला अठरा मोजण्या. यात अर्धा तास सहज जातो, आणि आम्हांस वाटते की अर्धे औषध त्या अर्ध्या तासातच असावे. नाण्यांची पद्धत नंतरची आणि घाईच्या माणसाची. छाप्याला तीन, काट्याला दोन धरून तिन्ही नाण्यांची बेरीज करावी. सात आले तर अखंड रेघ, आठ आले तर तुटलेली. नऊ आले तर रेघ अखंडच, पण उलटण्याच्या बेतात असलेली. सहा आले तर तुटलेली, तीही उलटण्याच्या बेतात. अशा सहा बेरजा खालून वर मांडावयाच्या. घर पायापासून बांधतात तसे. उलटणाऱ्या रेघा उलटल्या की दुसरी आकृती तयार होते. पहिली आजच्या स्थितीची, दुसरी ती स्थिती कोणीकडे वळते आहे त्याची. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की, दोन पद्धतींचे फळ सारखे नाही. नाण्यांत सहा किंवा नऊ येण्याची शक्यता प्रत्येकी आठात एक; काड्यांत नऊची सोळात तीन आणि सहाची सोळात एक. म्हणजे चौकसपणे विचारले तर 'दैव' सुद्धा साधनाप्रमाणे बदलते.

युरोपात ही पोथी नीट पोहोचली ती रिखार्ड विल्हेल्म या जर्मन मिशनऱ्यामुळे. त्याने चिनी पंडिताजवळ बसून केलेले भाषांतर १९२४ साली निघाले, आणि १९५० साली त्याचे इंग्रजी रूपांतर आले तेव्हा त्याला मानसशास्त्रज्ञ युंग याची प्रस्तावना होती. युंगने प्रस्तावना लिहिण्यापूर्वी नाणी टाकून पोथीलाच तिच्याविषयी विचारले. पन्नासावी आकृती आली, यज्ञपात्राची. बाहेरची घटना आणि मनाची अवस्था यांत कार्यकारणसंबंध नसूनही काही अर्थपूर्ण मेळ असतो, असे युंगचे मत होते. त्याच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की, हा मेळ मानण्याची आम्हांस गरज दिसत नाही. नाणे टेबलावर पडते ते मनगटाच्या झटक्याने. त्याला आमच्या कर्जाची बातमी कोठून असणार?

या बाबतीत महाराष्ट्राने एक चांगला प्रयोग केलेला आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना आव्हान दिले. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या, त्यांतल्या चाळीस चाळीस प्रत्येक ज्योतिषाकडे पाठविल्या, आणि कुंडली कोणाची एवढेच ओळखावयाला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. बरोबर निघालेल्या उत्तरांचे प्रमाण सरासरी शेकडा ४६ पडले. त्यांनी कुंडली न पाहता छापा-काटा केला असता तरी एवढे यश मिळाले असते. त्याआधी साठ वर्षांपूर्वी, १९४८ साली, बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे 'खास' वर्णन लिहून दिले आणि ते कितपत जुळते यासाठी पाचपैकी गुण द्यावयास सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६. वर्णन सर्वांना एकच होते आणि ते बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले होते.

म्हणजे कोणताही संदिग्ध मजकूर कोणत्याही माणसाला आपला वाटतो. शकुनावरचा हा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो खरा आहे. परंतु आमचे सगळे प्रतिपादन याच आक्षेपावर उभे आहे. मजकुरात जे नव्हते ते वाचणाऱ्याने आपल्या पदरचे घातले, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न असा येतो: त्याने नेमके काय घातले? भिंतीवरच्या ओलीत एकाला घोडा दिसतो, दुसऱ्याला सावकार दिसतो. भिंतीविषयी यातून काही कळत नाही. ज्याला सावकार दिसला त्याच्याविषयी मात्र कळते.

येथे स्वतःचा अनुभव सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्यापुढे गावच्या घरातला वाटा विकण्याचा प्रश्न आला. घर सिंधुदुर्गात; तेथे आमचे चुलत बंधू, म्हणजे दादा, एकटे राहतात. गिऱ्हाईक मिळाले होते. येणाऱ्या रकमेतून कात्रपच्या जागेचे उरलेले कर्ज बहुतेक फिटणार होते. दोन महिने आम्ही रोज रात्री कागदावर व्याजाचा हिशेब करीत होतो आणि हिशेब रोज बरोबर येत होता. तरी सही करवत नव्हती. शेवटी एका रविवारी नाणी घेतली. प्रश्न प्रथम लिहिला तो असा: 'वाटा विकावा काय?' मग लक्षात आले की, याचे उत्तर हो किंवा नाही येणार आणि ते आम्ही मानणार नाही. प्रश्न खोडून पुन्हा लिहिला: 'वाटा विकताना आम्ही कोणती गोष्ट पाहत नाही आहोत?' एवढे लिहावयाला वीस मिनिटे लागली.

बेरजा आल्या खालून वर आठ, सात, सात, सहा, सात, आठ. खाली लाकूड, वर पाणी: अठ्ठेचाळिसावी आकृती, विहीर. तिचा आशय थोडक्यात असा की, वस्ती उठून दुसरीकडे जाते, विहीर जागची हलत नाही. आणि दोर अपुरा पडला किंवा घागर फुटली तर पाणी असून हाती काही येत नाही. चौथी रेघ उलटणारी होती. तिच्याखाली, विहीर आतून बांधून काढली जात आहे आणि त्यात दूषण देण्यासारखे काही नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. ती उलटवली की अठ्ठाविसावी आकृती होते. तिचे चित्र आहे छपराचे आढे मध्येच वाकल्याचे.

आढे! दोन पावसाळ्यांपूर्वी दादांनी फोनवर सांगितले होते की, माजघरावरचे आढे वाकले आहे, खाली टेकू दिला आहे. आम्ही 'बरे, बघू' म्हटले होते आणि नंतर एक पैसा पाठविला नव्हता, की चौकशी केली नव्हती. सही होत नव्हती ती या लाजेमुळे. त्या घराच्या बाबतीत आम्ही हिस्सेदार उरलो होतो आणि भाऊ राहिलो नव्हतो. आणि विकण्याचा विचार दादांना आमच्याकडून नव्हे, गिऱ्हाइकाकडून कळणार होता.

वाचक म्हणतील, हा तर चमत्कार झाला! आम्हांसही क्षणभर तसे वाटले, म्हणून लगेच त्याची परीक्षा घेतली. पोथी मिटून कोठेतरी उघडली. एक्केचाळिसावी आकृती निघाली, घट. खालचे कमी करून वरचे वाढविण्याविषयी तिच्यात सांगितले आहे. तीही लागू पडली. गावचे कमी करून आम्ही शहरातले वाढवीत होतोच. पुन्हा उघडली. पंधरावी, विनय. तीही लागू पडली, आणि जरा झोंबली. तेव्हा विहिरीत विशेष काही नव्हते. चौसष्टांपैकी कोणतीही आकृती आली असती तरी आम्ही फिरून फिरून त्या टेकूपाशीच आलो असतो, कारण तो आमच्या मनात दोन वर्षे उभा होता. व्याजाच्या हिशेबात त्याला रकाना नव्हता, एवढेच.

त्याच दिवशी फोन केला.

"दादा, आढ्याचा काय केलंस?"

"आता आठवण झाली काय रे तुका?" दादा म्हणाले. मग थोडे थांबून, "टेकू दिलंय. बगूया ह्यो पावस."

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. गणेशचतुर्थीला गावी गेलो. आढे बदलण्याचा खर्च अर्धा अर्धा केला. वाटा दिला, पण दादांनाच, हप्त्यांनी. कर्ज अजून चालू आहे. आईने मात्र आमच्या नाण्यांवर न विसंबता गावच्या देवाला कौल लावला. तो उजवा पडला, आणि घरात आजही हा निर्णय त्या कौलानेच झाला असे मानतात. त्याला आमची हरकत नाही.

आता मर्यादा. ज्या प्रश्नाचे उत्तर बाहेर कोठेतरी नोंदलेले आहे किंवा मोजता येते, तो प्रश्न नाण्यांना कधीही विचारू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराच्या वर उतारूंना बोटींतून सोडवावे लागले. २६ जुलै २००५ तर कोणी विसरलेले नाही. उल्हास नदी किती चढेल हे पर्जन्यमापक आणि धरणाचा विसर्ग सांगतो. अंगावर गाठ आली असेल तर डॉक्टर सांगतो. इमारतीचे कागद खरे की खोटे हे वकील सांगतो. या तिन्ही ठिकाणी पोथी उघडणारा माणस आत्मपरीक्षण करीत नाही, पळ काढतो.

दुसऱ्याच्या मनाविषयीही विचारू नये. मुलीने कोणाशी लग्न करावे यासाठी बापाने नाणी टाकणे हा निव्वळ अधिकाराचा दुरुपयोग आहे. तिला काय वाटते हे तिला विचारता येते. आणि एकदा विचारलेला प्रश्न मनाजोगते उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारू नये. गंमत अशी की, पोथीतली चौथी आकृती, अजाण पोराची, हेच बजावते. तिचे म्हणणे असे की, पहिल्यांदा विचारणाऱ्याला सांगावे, दोनतीनदा छळणाऱ्याला सांगू नये. तथापि दुसऱ्यांदा नाणी उचलण्याचा मोह झाला तर तो मोह वहीत जरूर टिपून ठेवावा. आपल्याला कोणते उत्तर हवे होते हे त्या क्षणी जितके स्वच्छ कळते तितके एरवी कळत नाही. नाणे हवेत असताना आपण मनात छाप्याची बाजू घेत होतो की काट्याची, हे ज्याने एकदा पाहिले त्याला हा मुद्दा अधिक फोडून सांगावयास नको.

आणखी एक. हे सर्व आपले आपणच करावयाचे आहे. उत्तराचा अर्थ सांगणारा दुसरा कोणी मध्ये आला, आणि त्याने त्यासाठी दक्षिणा घेतली, की हा विषय संपला आणि निराळाच धंदा सुरू झाला असे समजावे. त्या धंद्याविरुद्ध बोलत राहिलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा या प्रांतात शकुनाच्या पोथीविषयी चांगले बोलणाऱ्याने जरा जपूनच बोलले पाहिजे. ज्या उत्तराला 'नाही, हे मला मान्य नाही' असे निर्भयपणे म्हणता येते, तेवढेच आमच्या कामाचे आहे. देवळातल्या कौलाला असे म्हणता येत नाही, म्हणूनच आम्ही गाऱ्हाणे कोकणातले घेतले आणि नाणी चीनची.

करून पाहावयाचे असेल त्याला फार सामग्री लागत नाही. एकाच किमतीची तीन नाणी, एक वही, आणि आठवड्यातून अर्धा तास, शक्यतो फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तारीख घालावी. प्रश्न पूर्ण वाक्यात लिहावा, आणि त्यात 'मी' किंवा 'आम्ही' हा शब्द असावा. नसेल तर प्रश्न बहुधा दुसऱ्याच्या तक्रारीचा असतो. आकृती आली की मजकूर वाचण्यापूर्वीच, काय येईल असे वाटते ते एका ओळीत लिहावे. मग वाचावे, आणि वाचताना जी पहिली घरगुती गोष्ट आठवेल ती, कितीही क्षुल्लक असली तरी, लिहून ठेवावी. लगेच निर्णय करू नये. सहा महिन्यांनी पाने पुन्हा चाळावीत.

आमच्या वहीत तीन वर्षांत एकूण सतरा प्रश्न झाले आहेत. या लेखासाठी ते परवा ओळीने वाचले, तेव्हा असे आढळले की, त्यांतल्या अकरांत पैशांचा उल्लेख आहे, नवांत लोक काय म्हणतील याचा आहे, आणि मुलाविषयीचा एकही प्रश्न नाही. मुलगा अठरा वर्षांचा आहे, शेजारच्याच खोलीत असतो. अठरावे पान सध्या तारीख घालून कोरे ठेवले आहे.